रोवण्यातला हात

माझ्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस दारातूनच विचारतो, "मिस्त्री, सगळ्यात चांगलं पिस्तूल कोणतं?" मी म्हणतो, "हात दाखवा." मग तो जरा बावचळतो, उजवा हात पँटीला पुसतो आणि पुढे करतो. एकानं तर तळवा उघडता उघडता विचारलं होतं, "पोरीच्या लग्नाचं काही दिसून राहिलं का?" मी ज्योतिषी नाही, बाबा. भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेपासून थोडं आत एक नेमबाजी क्लब आहे, तिथला मी मिस्त्री. पिस्तुलं साफ करतो, दुरुस्त करतो, त्यांना खेळाडूच्या हातासारख्या लाकडी मुठी घडवून देतो, आणि कोणत्या हातात कोणतं पिस्तूल शोभेल ते सांगतो. शेवटचं काम बसल्या जागी होतं, पण सगळी भांडणं त्याच्यावरूनच होतात.

आम्ही मूळचे भंडाऱ्याचे कोष्टी. बाप जन्मभर मागावर बसला. मी कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर झालो आणि रिटायर होऊन घरी आलो, तर आठव्या दिवशी बायको म्हणाली, "माह्या डब्यांची झाकणं नका दुरुस्त करू आता. सगळी घट्ट बसवून ठेवली, एकही उघडत नाही." क्लबाला मिस्त्री हवाच होता. नातेवाइकांत मात्र अजून कुजबुज आहे की कोष्ट्याच्या पोराला या वयात पिस्तुलाचा नाद कायले लागला.

बाहेरच्या माणसाला आधी हे सांगावं लागतं की हे पिस्तूल सिनेमातलं नव्हे. याची गोळी करंगळीच्या नखापेक्षा थोडी मोठी. ती पंचवीस मीटरवरच्या कागदाला भोक पाडते आणि खेळाडूच्या काळजाला घोर लावते. सेमी-ऑटोमॅटिक म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरकतात. त्याचा अर्थ एवढाच की चाप एकदा ओढला की एक गोळी जाते, रिकामं काडतूस बाहेर उडतं, आणि पुढची गोळी आपली आपण नळीत येऊन बसते. दुसऱ्या गोळीसाठी चाप पुन्हा ओढावाच लागतो. क्लबाची पिस्तुलं क्लबाच्या लायसनवर, लोखंडी कपाटात कुलूपबंद असतात. रजिस्टरात सही केल्याशिवाय त्यांना वाराही लागत नाही.

स्पर्धेत अर्ध्या गोळ्या निवांतपणे मारायच्या, पाच मिनिटांत पाच. उरलेल्या अर्ध्या घाईच्या. हात खाली धरून उभं राहायचं, हिरवा दिवा लागला की हात वर, आणि तीन सेकंदांत एकच गोळी. मग हात खाली, पुन्हा दिवा, पुन्हा हात वर. तीन सेकंदांत लाकूड चाचपायला वेळ नसतो. हात मुठीत जसा बसला असेल, तशीच गोळी जाते. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता निवड. माझ्याकडे भंडाऱ्यातच घडवलेला एक पितळी तांब्या आहे. नव्या माणसाला मी तो पाणी भरून हातात देतो आणि म्हणतो, हात सरळ लांब करून मिनिटभर धरा. अर्ध्या मिनिटात पाणी सांडलं तर जड नळीचं पिस्तूल त्याला नको. नाही सांडलं तर विचार करू. मग बोटांची लांबी, चापापर्यंत पोच, तळव्याचा खड्डा. सगळ्यात शेवटी डोळे मिटवून हात वर करायला लावायचा आणि मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, मागच्या खाचेत आपोआप बरोबर मधे दिसली, तर सोयरीक जमली. नाही दिसली तर लाकूड कानस मागतं. शिवाय प्रत्येक पिस्तुलाचं पथ्य निराळं. आमच्याकडचं एक जर्मन पिस्तूल एका जातीच्या गोळ्या गुपचूप पचवतं आणि दुसरी जात दिली की तिसऱ्या गोळीला अडकून बसतं, सासरी रुसलेल्या जावयासारखं.

एक राइस मिलवाले शेठ आले होते. म्हणाले, "किंमत नका सांगू, भारीतलं सांगा." तांब्या दिला. पंधरा सेकंदांत त्यांच्या बुटात पाणी गेलं. मी म्हटलं, शेठ, तुम्हाला हलकं लागेल. त्यांना ते अपमानासारखं वाटलं. त्यांनी जड नळीचंच पिस्तूल धरलं आणि मूठ माझ्याकडून न करता बाहेरून करवून आणली, वेलबुट्टी कोरलेली, सिंहासनाच्या हातासारखी ऐसपैस. स्पर्धेआधी प्रत्येक पिस्तूल एका ठरावीक मापाच्या पेटीत मावतं की नाही ते बघतात. शेठचं पिस्तूल मावेना. अंगठ्याएवढी वेलबुट्टी बाहेर. मला तिथून फोन आला, "मिस्त्री, यांचा डब्बाच लहान हाये." मी म्हटलं, "हो शेठ, डब्ब्यालेच कानस लावू."

वरठीच्या स्टील प्लांटातला एक जण ड्युटी संपली की मोटरसायकल दामटत थेट यायचा आणि दहा मिनिटांत तक्रार, "मिस्त्री, हे पिस्तूल बाजूले फेकून राहिलं." पिस्तूल मी दोनदा उघडलं, तिसऱ्यांदा स्वतः मारून पाहिलं. ठणठणीत. शेवटी त्याच्याकडे बघत उभा राहिलो आणि कळलं. मनगट तसंच पिळलेलं, बोटं तशीच आवळलेली. म्हटलं, "बापू, तू पिस्तूल धरून राहिला का एक्सिलेटर?" आता तो आला की आधी अर्धा तास बाकावर बसतो, हात सैल सोडून, डाव्या हातानं चहा पितो. त्याचं पिस्तूल एका आठवड्यात सुधारलं.

अशा गोष्टी मी फार रंगवून सांगत असे. क्लबात माझं नाव झालं होतं की मिस्त्रीची निवड चुकत नाही. नाव झालं की माणूस ते राखायला लागतो, आणि राखायला लागला की कामातून गेला. प्रज्ञाची गोष्ट त्यातली.

प्रज्ञा लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीची. घरी धानाची शेती. भंडाऱ्यात एका शाळेत ती खेळाची बाई होती, खोली करून राहायची आणि शाळा सुटली की सायकल मारत क्लबात यायची. बोलणं कमी, ऐकणं जास्त. हवेच्या पिस्तुलावर तिचा हात आधीच बसलेला होता, पण तिचं मन पंचवीस मीटरवर. राष्ट्रीय स्पर्धेला जायचं तर राज्य स्पर्धेत ठरलेले गुण गाठावे लागतात. दोन वर्षं ते थोडक्यात हुकले होते, तेही दुसऱ्याच्या मापाची मूठ धरून. स्पर्धेसाठी यंदाची सुट्टी शेवटची, असं शाळेनं सांगून टाकलं होतं.

"यंदा नाई झालं तं सोडून देईन, काका," ती म्हणाली. रडून नाही, बसचा टाइम सांगावा तसं.

म्हणून त्या वर्षी ठरवलं की तिला एक पिस्तूल पक्कं द्यायचं आणि तिच्याच हाताची मूठ करायची. क्लबात दोन पिस्तुलं मोकळी होती. एक नवंकोरं जर्मन, दुसरं जुनं इटालियन, रंग उडालेलं. सावनात, घरचा रोवणा आटोपून ती थेट माझ्याकडे आली. रोवणा म्हणजे आमच्याकडची धानाची, तुमच्या भाताची, लावणी. मजूर मिळत नाहीत, तेव्हा घरचा जो असेल तो पाणी भरलेल्या बांधीत उतरतो, मग बाई शाळेची असो की तहसीलची. दोन-तीन आठवडे दिवसभर हात चिखलपाण्यात. प्रज्ञाच्या नखांत चिखल होता, बोटांची टोकं पाण्यानं पांढरी पडून सुरकुतलेली. ते मी पाहिलं. पाहून म्हणालोसुद्धा, "वा, कष्टाचा हात आहे."

तांब्या तिनं दोन मिनिटं धरला. पाणी हललं नाही. वजनाची काळजी नव्हती, पण बोटं आखूड. जर्मन पिस्तुलाचा चाप तिला लांब पडत होता. इटालियनचा चाप पुढे-मागे सरकवता येतो, आणि त्याची नळी हाताच्या अगदी जवळ बसते, त्यामुळे गोळी सुटल्यावर उडी कमी. मी जुनं निवडलं. क्लबाचे सचिव, रिटायर मास्तर, चिडले. "नवं कायले घेतलं मंग? हार घालाले?" मी म्हटलं, मास्तर, हाताचं मी बघतो, हाराचं तुम्ही बघा.

मूठ घडवताना हाताला कपड्याची नीळ लावायची आणि लाकूड धरायला सांगायचं. जिथे निळा डाग पडेल तिथे लाकूड टोचतं आहे, तिथे कानस. पुसायचं, पुन्हा नीळ, पुन्हा कानस. दोन दिवस आम्ही दोघं निळे होतो. शेवटी नीळ सगळीकडे सारखी उमटली, अशी की बोटाबोटाचं पेर मोजून घ्या. डोळे मिटून हात वर, डोळे उघडले, माशी खाचेच्या मधोमध. मी ती मूठ घरी नेऊन बायकोला दाखवली. ती म्हणाली, "छान आहे, पण याचं झाकण कुठं आहे?"

पहिले काही दिवस उत्तम गेले. मग घसरण सुरू झाली. निवांत गोळ्या छान, घाईच्या गोळ्या चौफेर. एक वर, एक उजवीकडे, एक कुठे ती देवालाच ठाऊक. भादवा गेला, दसरा गेला, तिचे घाईचे गुण उतरतच गेले.

"काका, हात बसून नाई राहिला," ती एकदा म्हणाली.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "पोरी, हात बसत नाही म्हणजे मन बसत नाही." फार आवडलं मला ते वाक्य. पुढे दोन-तीन जणांना पुन्हा ऐकवलं. निवांत वेळेत गोळी बरोबर जाते आणि घाईत चुकते, म्हणजे ही घाबरते, माझं निदान पक्कं. मी तिला श्वास मोजायला लावला, सकाळी पळायला लावलं, दिवा लागायच्या आधी मागून टाळ्या वाजवून दचकवलं, भीड चेपावी म्हणून. सचिव रोज म्हणत, पिस्तूल बदला. मी रोज म्हणत असे, पिस्तूल बरोबर आहे. आता तुम्हीच सांगा, पिस्तूल बरोबर, मूठ बरोबर, मिस्त्री तर बरोबरच, मग चुकीचं कोण उरलं?

ती पुन्हा कधी हाताचं बोलली नाही. एका संध्याकाळी पिस्तूल परत करताना रजिस्टरात सही केली आणि म्हणाली, "बरोबर हाये तुमचं, काका. मी भित्रीच हाये." मी म्हटलं, जाईल हळूहळू. तेव्हा मला काही वाटलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

दिवाळी झाली. स्पर्धेला पाच दिवस उरले असताना प्रज्ञाची माय गावाहून आली, नव्या धानाचे तांदूळ घेऊन. लेक रोज जाते तरी कुठे ते पाहायचं म्हणून सोबत क्लबात आली. धट्टीकट्टी बाई, लुगडं चापूनचोपून, मागच्या बाकावर मांडी घालून बसली. कानाला आवाज अडवायची टोपडी लावून दिली तर ती गालापर्यंत आली. ती निशाण्याकडे पाहतच नव्हती. लेकीच्या हाताकडे पाहत होती. प्रज्ञानं घाईच्या पाच गोळ्या मारल्या आणि प्रत्येक वेळी हात खाली आणला की अंगठा जरासा सरकवला. मी तीन महिने तिथेच उभा होतो, मला तो अंगठा दिसला नव्हता. मी तिच्या तोंडावर भीती शोधत होतो.

"भाऊ, हे लाकूड कवा बनवलं?" मायनं विचारलं.

"सावनात, ताई. तुमचा रोवणा झाल्या झाल्या."

तिनं पदर तोंडाला लावला आणि हसली. "रोवण्यात कोनी हाताचं माप घेते का, बाप्पा?"

मी माझी टोपडी कानावरून खाली ओढली.

"आमच्या गावात बांगडीवाली येते," ती सांगू लागली. "रोवण्यात बांगडी मांगतली का ते देतच नाई. म्हनते, बाई, पान्यानं हात फुगला हाये तुहा, दिवारीले ये. रोवण्यात घातलेली बांगडी धान कापतानी हातातून निंगून जाते. लहान लेकरालेही मालूम हाये हे."

मी प्रज्ञाला मूठ धरायला सांगितली. खिशात एका भाच्याची लग्नपत्रिका होती, ती दुमडून तळवा आणि लाकूड यांच्या मधे सरकवली. विनासायास आत गेली. टूलरूममध्ये केसाएवढी चूक झाली तर मी जॉब भंगारात टाकत असे, आणि इथे अख्खं लग्न माझ्या मुठीत मावत होतं. निवांत वेळेत पोरगी चाचपून चाचपून हात बसवून घेत होती. तीन सेकंदांत ते जमत नव्हतं. एवढंच होतं सगळं.

आता माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "लाकूड आटलं असेल." खरंच असं म्हणालो मी. या वयात, दोन बायांसमोर.

मायनं लेकीच्या मनगटावर बोट ठेवलं. "लाकूड नाई आटलं, भाऊ. हात आटला."

मग मात्र मी खाली बसलो. म्हटलं, "प्रज्ञा, चूक माझी आहे. पिस्तूल बरोबर निवडलं, पण माप चुकीच्या महिन्यात घेतलं. तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही."

तिनं पिस्तूल टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजे मी भेत नोती का, काका?"

"नाही, पोरी. एकदाही नाही."

ती तोंड फिरवून नळावर गेली आणि तोंड धुऊन आली. मला वाटलं ती मला बोलेल, बोलायलाच हवं होतं. ती फक्त म्हणाली, "नीळ कुठं हाये?"

जुन्या मुठीवर भर चढवता आली असती, पण माझा त्या लाकडावरून जीव उठला होता. नवं शिसव घेतलं. दोन दिवसांत मूठ केली, तीन दिवस तिनं तिच्यावर हात बसवला. स्पर्धेला मीही गेलो, सचिवही आले. निवांत गोळ्या झाल्या, घाईच्या सुरू झाल्या. मी समोर पाहू शकलो नाही. पुढे बसलेल्या मास्तरांच्या सदऱ्याच्या कॉलरवरचा शिवणीचा टाका बघत बसलो, तो सुटलेला होता. दिवा, हात, गोळी. दिवा, हात, गोळी. मधे अंगठा सरकत नव्हता एवढं मात्र मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहून घेतलं. शेवटची गोळी गेली. प्रज्ञानं पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं, मागे वळली आणि मला शोधून हात वर केला, पाचही बोटं उघडून. ठरलेले गुण गाठले होते, वर चार जास्तच. मास्तर मला म्हणाले, "मी पहिलेपासून म्हनत होतो, जुनंच पिस्तूल बरोबर हाये." मी म्हटलं, हो मास्तर, तुम्ही म्हणत होता.

तेव्हापासून माझा नियम आहे. हात दाखवा म्हणण्याआधी मी विचारतो, या महिन्यात काय काम केलं? पुण्याकडचे खेळाडू हसतात. हसू द्या. त्यांच्या हाताला ऋतू नसतील.

फागुनात माय पुन्हा आली, लेकीच्या नव्या पिस्तुलाचे कागद कुठवर आले ते विचारायला. गुण गाठल्यामुळे आता प्रज्ञाला स्वतःचं मागवता येणार होतं. मी चहा सांगितला. माझ्या फळीवर ती सावनातली मूठ नुसतीच पडलेली असते, बिलांवर वजन म्हणून ठेवायला. चहा येईस्तोवर मायनं ती सहज उचलली आणि हातात धरली. मी कानस खाली ठेवली. पाची बोटं आपापल्या जागी गेली होती. अंगठ्याची खाच अंगठ्याला, तळव्याचा फुगवटा तळव्याला. कुठे पत्रिका काय, सिगारेटचा कागद सरकायला जागा नव्हती.

तिनं मूठ उलटीसुलटी करून पाहिली. "माह्या हाताचं माप तुमाले कोनं देल्लं, भाऊ?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. रोवण्याला अजून चार महिने होते, बांध्या कोरड्या पडल्या होत्या. म्हटलं, "ताई, दिवाळीपर्यंत फुगलेला हात उतरते म्हणत होत्या ना तुम्ही?"

"पोरीचा उतरते," ती म्हणाली. "माहा आता कुठं उतरते."

मी ती मूठ कागदात गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवली.